आठवा तुकडा

मामाचं तेरावं झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात मामीचा फोन आला. रडणं संपलं होतं, आवाज कामाचा होता. म्हणाली, "अरे, त्या वाघाचं काय करायचं रे आता?"

तो वाघ म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या माडीवर, लोखंडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं कातडं. मामाच्या नावावर त्याचं मालकी प्रमाणपत्र होतं, आजोबांकडून त्याच्याकडे आलेलं. मामा गेला आणि कागदावरचा वाघ पोरका झाला. कायद्याचं म्हणणं असं, की अशी वस्तू वारसाहक्कानं आली तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची. विकता येत नाही, कोणाला भेट देता येत नाही. फेकून किंवा जाळून टाकायचं म्हटलं तर त्याचाही जाब द्यावा लागेल. घराबाहेर काढता येत नाही आणि घरात ठेवायचं तर लिहून द्यावं लागतं. मामी म्हणाली, "आईंची गोष्ट खरी निघाली बघ. चिकटलंच शेवटी."

आईंची, म्हणजे माझ्या आजीची गोष्ट. तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे, आणि ती सांगायची तर आधी कातड्याबद्दल सांगावं लागेल.

आजोबा वकील होते. मालगुजारांच्या जमिनीचे खटले चालवायचे. मध्यप्रांतातले मालगुजार पैशाला चिकट आणि भेटवस्तूंना सढळ. तशा एका अशिलानं खटला जिंकल्यावर फीऐवजी हे कातडं आणून दिलं. आजोबांनी आयुष्यात बंदूक धरली नव्हती. तरी ते कातडं दिवाणखान्याच्या भिंतीवर गेलं आणि नवीन अशील आला की त्याची नजर आधी वाघावर आणि मग आजोबांवर जाई. फीचा आकडा सांगायला ते बरं पडत असावं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर आजोबांनी, वकीलच ते, मुदतीत नोंद केली आणि प्रमाणपत्र काचेत मढवून कातड्याच्या शेजारी टांगलं. लोकांच्या घरी लग्नाचे फोटो असतात, आमच्याकडे ते होतं.

आजीचा त्या वाघावर दात होता. तिचं माहेर उमरेडकडचं, जंगलाला लागून. रात्री वाघाचं नाव घ्यायचं नाही अशा घरातली ती, आणि रोज सकाळी त्याच्यासमोर केर काढायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, की सगळं नागपूर रस्त्यावर ओरडतं, "ईडा, पीडा घेऊन जाय गे मारबत!" आजी तेव्हा खिडकीत उभी राहून, भिंतीकडे हात करून ओरडायची. मारबतीनं शहरातला खोकला नेला, महागाई नेली, पुढाऱ्यांना शिव्या नेल्या. वाघ मात्र तिथेच.

तिचा मुख्य पुरावा वेगळाच होता. घरात कसर फार. लोकरीची शाल, रेशमी सोवळं, आजोबांचे कायद्याचे ग्रंथ, काही सुटत नव्हतं. या कातड्याला मात्र इतक्या वर्षांत एक भोक पडलं नाही. घरातली मांजर त्याच्यापासून हातभर दूर बसायची. आजी म्हणायची, "किडा शिवत नाई, मांजर शिवत नाई. तुमाले अक्कल हाये का नाई?" आम्ही पोट्टे दिवाळीच्या सुट्टीत जमलो, की कातड्याच्या मिशा ओढायच्या, पंजात हात घालायचा, हे आमचं ध्येय. तेव्हा आजीनं एका थंडीच्या रात्री माडीवर सगळ्यांना ओळीनं झोपवलं, दिवा बारीक केला आणि गोष्ट सांगितली. जमेल तशी तिच्याच शब्दांत देतो.

"एक मालगुजार होता. सोळा गावाचा धनी. ढोल्यात धान मावत नाई, गोठ्यात शंभर ढोरं. पण त्याले हीव भरे. चैत्रातबी दात वाजे. दहा वैद झाले, अकरावा आला, म्हणे, हाडात हीव गेलं, आता कापसानं निघणार नाई. सात जनावरांच्या कातड्याची गोधडी करा. या अवसेपासून त्या अवसेपर्यंत साती मारलेले पाह्यजेत.

"मंग काय. चितळ आणलं. सांबर आणलं. कोल्हा, रानमांजर, अस्वल, बिबट. सा झाले. सातवी वाघीण. हाकारा घातला, गोळी घातली, पण ते गाभण होती अन् तिचा जीव जाईना. माणसं म्हणे, मालक, थोडं थांबू. मालगुजार म्हणे, थांबता कायले, रात होते. सोला. गळ्यापासून कातडं खाली वढलं, तवा तिचे डोळे उघडे होते. तिनं पह्यले आपल्या पोटाकडं पाह्यलं, मंग मालगुजाराकडं.

"गोधडी शिवली. पह्यल्या रात्री मालगुजार असा झोपला का घोरण्यानं कवेलू हालले. सकाळी बायको गोधडी काढाले गेली तं निघेना. दंडाले चिकटली. तिनं वढली, चर्र झालं, अन् दंडाची साल चितळाच्या तुकड्यासंगं निघून आली. गादी रक्तानं वली. बायको बोंबलली. मालगुजार म्हणे, दुखत नाई वं, ऊब लागते. रात्री पुन्हा टाक.

"दुसऱ्या रात्री सांबरानं पाठ घेतली. तिसऱ्या रात्री कोल्ह्यानं तळपाय. चवथ्या रात्री रानमांजरानं ओठ खाल्ले, मंग दात उघडे पडले, रातदिस हासल्यावानी. पाचव्या रात्री अस्वलानं डोक्याची केसासंगट काढली. साव्या रात्री बिबटानं पोट. तरी म्हणे, टाक गोधडी, हीव लागते. सातव्या रात्री बायकोनं बाहेरून कडी लावली. रातभर आतून चाटल्याचा आवाज. मांजर पिलाले चाटते ना, तसा.

"सकाळी दार उघडलं. बाजेवर मालगुजार नाई. गोधडी नीट घडी करून ठेवेल. बायकोनं उलगडली अन् तुकडे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सा, सात... आठ.

"आठव्या तुकड्यावर केस नव्हते. मऊ होता, गोरा. एका कोपऱ्यात देवीची लस टोचल्याची गोल खूण होती. तिनं वळखली."

इथे आजी थांबायची. कोणीतरी, बहुधा धाकटी मावसबहीण, विचारायचीच, "आणि मालगुजार?"

"थो? थो हिंडते ना अजून. सोललेला. लाल, वला. हिवाळ्यात दार वाजवते अन् म्हणते, बाई, हीव लागते वं, पांघराले दे काई."

वाड्याचा संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होता. त्या रात्री सात पोरांपैकी कोणीही तिकडे गेलं नाही. परिणाम सकाळी दोन गाद्या उन्हात टाकून मामीनं निस्तरले. नवी नवरी होती ती तेव्हा. गोष्ट तिनं जिन्यात बसून ऐकली होती, हे तिनं खूप वर्षांनी सांगितलं. कातड्याला मात्र पुन्हा आमच्यापैकी कोणी हात लावला नाही.

कॉलेजात असताना ही गोष्ट मी लिहून काढली आणि एका दिवाळी अंकाला पाठवली. आजीच्या गोष्टीत रक्त कमी आहे असं माझं त्या वयातलं मत. मी घागरीनं ओतलं. डोळे लोंबत होते, आतडी पायऱ्यांवरून घरंगळत होती, मालगुजाराच्या बायकोचंही मी काही शिल्लक ठेवलं नाही. मित्राला वाचून दाखवली तेव्हा तो समोर सावजीचं मटण खात होता, आणि त्याचा हात एकदाही थांबला नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. संपादकांनी कथा परत पाठवली, कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं होतं: "रक्त फार. थंडी कमी."

मामाच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ होते. तरुणपणी शिकारी पार्ट्यांबरोबर कातडी काढायला जायचे. कायदा आला आणि त्यांचा धंदा संपला. त्याबद्दल हळहळ नव्हती, अभिमानही नव्हता. मी त्यांना विचारलं, वाघ सोलताना किती रक्त येतं? ते हातातलं संत्रं सोलत होते. तसंच पुढे धरून म्हणाले, "हे पाहा. हनुवटीपासून शेपटीपर्यंत एक चीर, मग चारी पायांच्या आतून. साल आणि फोड यांच्या मधली जागा हाताला सापडली पाहिजे. सापडली की सुरीचं काम थोडंच. रक्त आलं म्हणजे हात चुकला." आपलं संत्रं सैल सालीचं. मोसंबीसारखं झगडावं लागत नाही. अखंड साल उलगडून त्यांनी ती टेबलावर पसरली आणि फोडी मला दिल्या. मी त्या खाल्ल्या, पण जरा वेळानं.

त्यांनी सांगितलेलं बरंच लक्षात राहिलं. अवघड काम ओठ, कान आणि पंजे यांचं. शिकारीचा हंगाम उन्हाळा, कारण पाणवठे आटतात आणि जनावर कुठे येणार ते ठाऊक असतं. पण उन्हाळ्यातच कातडं लवकर सडतं, केस सुटतात. म्हणून काही तासांत सोलून, मीठ चोळून, सावलीत खुंट्या ठोकून ताणायचं. ताणलं की लांबी वाढते. शिकारी साहेबांना ते आवडायचं. मेलेला वाघ मोजायच्याही दोन तऱ्हा होत्या: नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंटी ठोकून मधलं सरळ अंतर घ्यायचं, किंवा अंगाच्या वळणांवरून फीत फिरवायची. दुसऱ्या पद्धतीत काही इंच फुकटात मिळतात. मिशा मात्र आधी मोजून ठेवाव्या लागत, कारण त्या विषारी असतात असा समज होता आणि त्या चोरीला जात. कोणाच्या जेवणात घालायला, हे त्यांनी सांगितलं नाही.

आजीच्या गोष्टीत शाप नेमका कुठे आहे, हा प्रश्न त्यानंतर माझ्या डोक्यात राहिला. शोधायला गेलो तर कातड्यांचा शाप अगदी डॉक्टरी भाषेत लिहिलेला सापडतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत परदेशी लोकर निवडणारे कामगार सकाळी धडधाकट कामावर येत आणि दोन-चार दिवसांत मरत. त्या आजाराला नावच 'लोकर निवडणाऱ्यांचा रोग' पडलं. तो काळपुळीचा जंतू, अँथ्रॅक्स. जनावर मरतं, पण जंतूचे बीजाणू केसांत, कातड्यात, मातीत दशकानुदशकं वाट बघत बसतात. मेलेल्या जनावराचं पांघरूण जिवंत माणसाला नेतं, ही गोष्ट ब्रॅडफर्डात कोणी आजी सांगत असेल तर तिला वेडी म्हणायचं कारण नव्हतं.

आणि कसर न लागण्याचं कोडं तर फारच सरळ निघालं. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेट्झच्या एका औषधविक्यानं साबणात सोमल मिसळून कातडी टिकवण्याची युक्ती काढली. सोमल म्हणजे आर्सेनिक. पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं जगभर पेंढा भरणारे लोक तो साबण कातड्याला आतून चोळत होते. म्हणून जुन्या संग्रहालयांत असे नमुने आजही हातमोजे घालून हाताळतात. आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, पेंढा भरलेली जनावरं बघताना मी लहानपणी काचेला नाक लावायचो. आता काचेबद्दल जरा जास्त आदर वाटतो. किडा शिवत नाही, मांजर शिवत नाही: आजीचं निरीक्षण चोख होतं. कारण तिला ठाऊक नव्हतं, तरी पंजात हात घालून तोच हात तोंडात घालणाऱ्या सात पोरांना तिनं एका रात्रीत त्या कातड्यापासून कायमचं लांब केलं. सोमलाबद्दल व्याख्यान दिलं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी चाटून पाहिलं असतं.

पण याच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती भुताची नाही. शाहतूशच्या शाली विकणारे व्यापारी ती सांगत. तिबेटच्या पठारावर एक हरीण झुडपांना अंग घासतं, काट्यांना त्याचे केस अडकतात, गरीब लोक ते वेचतात आणि त्यातून अंगठीतून जाणारी शाल विणतात. किती गोड! ज्या जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात इथून जवळच, कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास केला, तेच पुढे तिबेटात गेले आणि त्यांनी जगाला सांगितलं की चिरू, म्हणजे तेच हरीण, वेचून मिळत नाही. ते गोळी घालून, सोलून मिळतं. एका शालीला तीन ते पाच. काराकुल नावाच्या मेंढीचंही असंच आहे. ती कुरळी, चमकदार टोपी कोवळ्या कोकराच्या कातड्याची असते, जन्मून काही दिवस झालेल्या, कारण नंतर कुरळेपणा उलगडतो. त्यातला सगळ्यात तलम प्रकार न जन्मलेल्या कोकराचा. आजीनं गाभण वाघीण कुठून आणली होती कोण जाणे. काराकुलचं नावही तिनं ऐकलं नसणार.

तर दोन प्रकारच्या खोट्या गोष्टी झाल्या. व्यापाऱ्याची रक्त पुसून सांगितलेली आणि आजीची रक्त सांडून सांगितलेली. शेकडो शाली कोणत्या गोष्टीवर खपल्या ते दिसतंच आहे.

त्या लशीच्या खुणेकडे मी फार उशिरा आलो. ती खूण नसती तर ही गोष्ट साधी किळसवाणी राहिली असती. वाघाचे पट्टे केसांवर असतात तसे खाली कातडीवरही असतात; केस भादरले तरी पट्टे राहतात. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो जपून ठेवलेले असतात, आणि शेकडो किलोमीटरवर कुठे कातडं पकडलं गेलं की ते त्या फोटोंशी ताडून बघतात. कधी कधी जुळतं. हा अमुक जंगलातला, तमक्या तळ्यावर पाणी प्यायचा, गेल्या पावसाळ्यापासून दिसला नव्हता. टेबलावर कातडं पसरलेलं आणि बाजूला त्याचाच चालतानाचा फोटो. मालगुजाराच्या बायकोनं बाजेजवळ उभं राहून हेच केलं होतं.

आमच्या वाघाचा मात्र कोणताच फोटो नव्हता. तो कुठला, कोणत्या नाल्यातला, नर का मादी, हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं. प्रमाणपत्रावर आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता. वाघाच्या नावे एक ओळ आणि लांबी. ती लांबी कोणत्या पद्धतीनं मोजली होती कोणास ठाऊक.

मामाला या सगळ्याची गंमत वाटायची. २९ डिसेंबर २०१८ च्या रात्री नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आम्ही सगळे वाड्यात स्वेटरवर स्वेटर घालून बसलो होतो. मामानं ट्रंक उघडली आणि दोन्ही हातांनी कातडं उचलून म्हणाला, "घ्या बाप्पा, कोणाला पाहिजे? ऊब लागते." पन्नाशीला आलेले चार भाऊ-बहिणी एकदम मागे सरकले. तोही हसत हसत खाली ठेवून लगेच हात धुवायला गेला. बर्फासारख्या पाण्यानं, साबण लावून, दोनदा.

मामीच्या फोननंतर मी कायदा वाचत बसलो. २०२२ च्या दुरुस्तीत एक वाट निघाली आहे. प्रमाणपत्र असलेल्या माणसाला ती वस्तू ठेवायची नसेल तर सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही, प्रमाणपत्र रद्द होतं. त्यासाठी कामकाजाच्या सात दिवसांची आगाऊ सूचना द्यायची. "किती दिवस?" मामीनं विचारलं. सात, मी म्हटलं. ती माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली, मामा गेल्यानंतर.

आधी वारसाची घोषणा, मग सूचना, मग पंचनामा. वनखात्याची माणसं आली ती तरुण होती, मास्क आणि हातमोजे घालून. ट्रंक अंगणात आणली. कातडं उलगडलं तेव्हा डांबरगोळ्यांचा वास सगळ्या चौकात पसरला आणि शेजारची मुलं कठड्यावर चढून बसली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत फीत लावली. प्रमाणपत्रातल्या लांबीपेक्षा बरंच कमी भरलं. त्यांच्यातली एक मुलगी डाव्या खांद्याजवळ वाकली, बोटानं केस बाजूला केले आणि म्हणाली, "इथे शिवलंय." आतल्या बाजूनं बारीक टाके होते, गोळीच्या भोकाचे. मग ती पोटाच्या बाजूला गेली, तिथे काही वेळ बघत राहिली आणि लिहिणाऱ्याला म्हणाली, "मादी." इतकी वर्षं आम्ही सगळे 'तो वाघ' म्हणत होतो.

मामीनं सही केली. गाडी गल्लीच्या वळणावर अडकली, एक स्कूटर बाजूला घ्यावी लागली, मग गेली.

रिकामी ट्रंक मामीनं तीन दिवस उन्हात ठेवली, पुसली, कडुनिंबाचा पाला टाकला आणि आत गोधड्या भरल्या. डिसेंबरात मी मुक्कामाला गेलो तर रात्री तिनं त्यातलीच एक आणून माझ्या अंगावर टाकली. जुन्या लुगड्यांची, हातानं टाके घातलेली. जांभळा तुकडा आजीचा, तो मी लगेच ओळखला. तिचं ते देवळात जायचं लुगडं. हिरवा बहुधा मावशीचा. एक चट्ट्यापट्ट्यांचा, मामाच्या पायजम्याचा. दिवा अजून लागलेला होता आणि माझं बोट आपोआप एका तुकड्यावरून दुसऱ्यावर चाललं होतं.

मामी दाराशी थांबली होती. "किती झाले?"

"सात."

तिनं दिवा मालवला. अंधारातून म्हणाली, "नीट मोज."